तीस वर्षांचा घाम

प्रिय आत्या,

तुझी टोपी कंपनीच्या काचेच्या कपाटात लागली, खाली तुझ्या नावाची पाटीही आहे. पण एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही.

त्या बड्या फॅशन कंपनीला जुन्या दिवसांच्या दालनासाठी तुझ्यासारख्या टोप्या शिवणाऱ्या कारागिरांनी स्वतः वापरलेल्या टोप्या हव्या होत्या. तू तीस वर्षं घातलेली मळकी टोपी तशीच कशी द्यायची, म्हणून मी ती आतून साबणाने तीनदा धुतली. तपासणाऱ्या बाई कपाळाला टेकणारी आतली पट्टी बघून म्हणाल्या, "ही कुणी घातलेलीच नाही. तीस वर्षांचा घाम कुठे गेला?"

मी घाबरून म्हणालो, "खरी घरी राहिली. महिन्याभरात आणतो."

मग महिनाभर तीच धुतलेली टोपी घालून मी घरात बसलो. तुला कळलं तर काय, या धास्तीने पंख्याखालीही घाम गळायचा.

महिन्याने बाईंनी पट्टी हुंगली आणि मान डोलावली. "ही खरी. आत्या फार काळजी करायच्या का हो?"

मी हो म्हणालो. तू तर जन्मात कशाची काळजी केली नाहीस.

उद्घाटनाला येशील तेव्हा टोपी हुंगू नकोस. पण हे तुला कळवायचं तर पत्र टाकावं लागेल, आणि आज ही ओळ जोडतोय तोवर ते तिकीट लावूनही आठवडाभर माझ्या खिशातच आहे.

तुझा घामाघूम भाचा