भस्म्या बेपत्ता

३ मार्च, सोमवार
खाल्लं! खाल्लं! सात नंबरच्या बाटलीतलं काळं इंजिन ऑइल निम्म्याहून जास्त गायब! बारा वर्षं जंतू पाळतोय, पण इतका खादाड पहिलाच. गॅरेजच्या गटारातल्या चिखलातून काढलाय. नाव ठेवलं — भस्म्या. तेल फोडायला तो साबणासारखं काहीतरी सोडतो. ही म्हणाली, "आमच्या वॉर्डातल्या नळ्यांना जंतूंचा चिकट थर बसतो, तोही सुटतो का बघा ना!" बायको डॉक्टर. ती दिवसभर जंतू मारते, मी दिवसभर पोसतो. तरी संसार टिकलाय.

सतरा तारखेला समिती येतेय. जिवंत जंतू दाखवला तर प्रकल्प पुढे, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. दाखवूच!

४ मार्च
भस्म्याच्या प्रती काढून डीप फ्रीजरमध्ये ठेवायला हव्यात. उद्या नक्की. आजचा दिवस अहवालाचं शीर्षक ठरवण्यात गेला.

६ मार्च
सात नंबर नाही!! सहा बाटल्या आहेत, सहाही काळ्याकुट्ट. टेबलाखाली, फ्रीजमागे, माझ्या डब्याच्या पिशवीतसुद्धा पाहिलं. काल साहेबांच्या हुकमावरून सगळ्यांनी आवराआवर केली होती. म्हणजे सफाईच्या मावशी! घाण दिसली की त्यांचे हात शिवशिवतात.

विचारलं. "मी नाही धुतली, सर." मग काय पाय फुटले बाटलीला? ओरडलो. जरा जास्तच. मावशींनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या. काय निगरगट्ट बाई!

७ मार्च
साहेबांकडे लेखी तक्रार दिली. मावशींची बदली तळघरातल्या भांडारात. घरी ही म्हणाली, "अहो, पण प्रती काढल्या होत्या ना?" चहात साखर कमी आहे, असं मी सांगितलं.

८ मार्च, शनिवार
भस्म्या जिथून आणला तिथून पुन्हा आणू, त्यात काय! डबी-चमचा घेऊन गॅरेजवर गेलो. गॅरेजवाला हात पुसत धावत आला. "या साहेब, बघा तरी!" बघतो तर गटार घासूनपुसून लख्ख. वर पांढऱ्या फरशा. ॲसिड ओतलंय म्हणे, मग फिनेल, मग पुन्हा ॲसिड.

"गेल्या वेळी तुम्ही नाकाला रुमाल लावला होता. लाजच वाटली हो मला."

याला लाज वाटायला हाच महिना सापडला! तोंडभर कौतुक करावं लागलं. डबी रिकामीच परत.

१० मार्च
मावशींच्या जागी कुणी आलेलं नाही. कचऱ्याचा डबा ओसंडतोय. सात दिवस उरले. जेवण जात नाही. ही म्हणते, "बरं झालं, एका भस्म्याचा तरी रोग बरा झाला." मी हसलो नाही.

११ मार्च
मावशी स्वतःहून वर आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, गच्च गाठ मारलेली. आत काळं ओलसर फडकं. "सर, त्या बाटलीतलं जरासं टेबलावर सांडलं होतं, मागच्या सोमवारी. यानंच पुसलं होतं. धुतलं नाहीये." मी खुर्चीत बसलोच! धुतलं नाहीये! पिशवी हिसकावून घेतली म्हटलं तरी चालेल. आभार मानायचे राहिले — घाईत होतो. आणि शेवटी चूक त्यांचीच ना?

१५ मार्च
फडक्याचा तुकडा तेलपाण्यात टाकला होता. पाणी निवळतंय! भस्म्या जिवंत आहे! प्रयोगशाळेत एकटाच नाचलो, स्टूल पाडलं. ताबडतोब दहा प्रती काढल्या. आता त्यातली एक हिच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जाईल.

१७ मार्च
समिती आली. काळ्या बाटल्यांच्या रांगेत भस्म्याची बाटली, पाणी अगदी नितळ. एका सदस्यांनी ती उचलली. "ही रिकामी का ठेवलीय?" मग मी समजावलं आणि सगळेच हसले. प्रकल्प मंजूर! आणखी तीन वर्षं!

फक्त एक सदस्यबाई भारी चिकट. मूळ बाटलीचं काय झालं म्हणे. सफाईवालीने धुतली, असं चारचौघांत सांगितलं. "जंतूंची बाटली वाफेच्या यंत्रातून गेल्याशिवाय धुतली जातेच कशी? त्या यंत्राची वही बघून नोंद जोडा." जोडतो, बाई, जोडतो.

१८ मार्च
वही पाहिली. ५ मार्च. 'बाटली एक. चिठ्ठी निघालेली. पाणी स्वच्छ, आत काही नाही. टाकाऊ.' अक्षर माझं. देणाऱ्याची सही माझी. घेणाऱ्याच्या रकान्यात मावशींची.

बदलीपर्यंत वही त्यांच्याच ताब्यात असायची. तेरा दिवस त्यांनी ती नोंद कुणालाही दाखवली नाही, साहेबांनासुद्धा नाही. तळघराच्या जिन्यापर्यंत दोनदा जाऊन परत आलो.