आठवी ब, हजेरी क्रमांक एक्केचाळीस

५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचलं. इथे वर यायला शिडीच्या तीनशे बारा पायऱ्या आहेत, त्यामुळे भांडायलासुद्धा कोणी येत नाही. वाचून एवढा हसलो की वॉकीटॉकीचं बटण दाबलं गेलं. खालच्या सिग्नलवाल्याला वाटलं, माझ्या डोक्यात वारं शिरलं.

म्हणजे आपली शाळा, जिथे परीक्षा घेऊन चाळीसच पोरं निवडतात आणि उरलेल्यांच्या आया फाटकाशी डोळे पुसतात, ती पंचाहत्तरीला 'नामवंत माजी विद्यार्थी' असा पितळी फलक लावणार आणि त्यावर माझं नाव? आठवीतून पळालेल्याचं? तू त्याच शाळेच्या ऑफिसात टाइप करतेस, तेव्हा काही भानगड केली नाहीस ना? खरं सांग. हृदयाचा डॉक्टर, न्यायाधीश, जहाजाचा कप्तान, आणि त्यांच्या रांगेत मी! दागिन्यांच्या कपाटात कोणी पाना विसरून गेल्यासारखं दिसेल ते.

बाबा काय म्हणाले? आठवी ब चे वर्गशिक्षक ते, आणि पळालेला त्यांचाच मुलगा. बावीस वर्षांत त्यांनी मला एक ओळ लिहिली नाही आणि मी त्यांना. तुझ्या पत्रात मात्र आम्ही दोघं शेवटच्या ओळीत 'बरे आहेत' एवढे भेटतो.

लोभ आहेच, त्याला इथला वारा लागत नाही.

तुझा,
भिंगरी

---

१४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

भानगड मी केली नाही, तुझ्या वर्गमित्रांनी केली. माजी विद्यार्थ्यांना पाठवलेल्या फॉर्मात मी एक प्रश्न घातला होता, की शाळेतला कोणता सोबती अजून आठवतो. तेवीस फॉर्म आले, त्यातल्या सतरांत तू!

कप्तानांनी लिहिलंय, 'मला पोहायला यानेच शिकवलं, म्हणजे हौदात ढकललं.' न्यायाधीश लिहितात, 'याने माझ्यासाठी हेडमास्तरांसमोर खोटी साक्ष दिली. इतकी सफाईदार साक्ष पुढे कोर्टातही ऐकली नाही.' डॉक्टरांनी तर जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर लिहिलंय. समितीत वाद झाला. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, ज्याला सतरा नामवंत विसरत नाहीत तोही नामवंतच, लिहा नाव.

पण एक खोच आहे. फलक माजी विद्यार्थ्यांचा आणि रजिस्टरप्रमाणे तू माजी नाहीस. तुझा शाळा सोडल्याचा दाखला कधी निघालाच नाही, त्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. दाखल्याच्या अर्जावर पालकांची सही लागते. मी अर्ज बाबांच्या चहाशेजारी ठेवला. त्यांनी तो वाचला, त्यावर कप ठेवला आणि आंघोळीला गेले. अर्जावर कपाचं वर्तुळ उमटलं, सही नाही. कोरणारा तीस सप्टेंबरला येतो.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, पत्राला उशीर केलास तर तिची टोचणी होते, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई

---

२५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हसलो होतो, आता हसत नाही. मी इथे सगळ्यांना सांगून बसलोय. फोरमन दोन दिवस मला 'साहेब' म्हणतोय, मेसच्या आचाऱ्याने भाजीत तेल वाढवलंय. सिग्नलवाला विचारतो, पितळेचं अक्षर केवढं असतं? मी हाताने टीचभर दाखवलं. आता मागे कसा येऊ?

आणि तुला म्हणून खरं सांगतो, मला ते नाव हवंय. मी नऊ इमारती वर चढवल्या. फाटकावर मालकाचं नाव, लिफ्टमध्ये कंपनीचं, दारांवर राहणाऱ्यांचं. माझं कुठे बोटभरही नाही. काम संपलं की क्रेन सोडवून नेतात आणि मी तिच्या मागून जातो. एका तरी भिंतीवर राहू दे ना माझं नाव, तीही ज्या भिंतीवरून उडी मारली तिच्यावर.

बाबांना म्हणावं, रोज ढीगभर वह्यांवर सह्या करता, एक इकडे करा. नसतील ऐकत तर तूच कर. माझ्या सहावीच्या प्रगतिपुस्तकावर केली होतीस तशी. तेव्हा त्यांनाही ओळखता आली नव्हती.

लवकर कर आणि जीव आहे तसाच लावून ठेव.

तुझा उतावीळ,
भिंगरी

---

६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सही मी करणारच होते, पेनही उघडलं होतं. आधी हजेरीपट बघावा म्हणून सकाळी आठवी ब च्या दाराशी गेले. बाबा हजेरी घेत होते. मुलं चाळीस, नंबर चाळीस. मग ते म्हणाले, "एक्केचाळीस." कोणी ओ दिली नाही. बाबांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं, मी पटकन बाजूला झाले. त्यांनी लाल पेनने खूण केली आणि गणिताचं पुस्तक उघडलं.

मधल्या सुट्टीत एका मुलाला विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, शाळेची जुनी पद्धत आहे, एक्केचाळीसला सगळ्यांनी गप्प राहायचं असतं.

अरे, दर जूनला ते नव्या हजेरीपटात चाळीस नावांखाली तुझं नाव स्वतः उतरवतात. मी बावीसच्या बावीस हजेरीपट काढून पाहिले. तपासणी आली की 'आजारी आहे' म्हणून सांगतात. एका तपासणीसाने तर 'लवकर बरा होवो' असा शेरा मारलाय.

दाखल्यावर सही झाली की त्यांना तुला पुकारता येणार नाही. म्हणून तो कप. मी पेनला टोपण लावलं. मार्चमध्ये ते निवृत्त होतात, म्हणजे अजून सहा महिने पुकारतील. आता काय करायचं ते तू सांग. मी रागावलेली नाही, नाक चोंदलंय म्हणून अक्षर असं आलंय.

कायम तुझीच,
ताई

---

१८ सप्टेंबर

मा. वर्गशिक्षक, आठवी ब, यांसी.

विषय : रजा मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या वर्गातला हजेरी क्रमांक एक्केचाळीस. बावीस वर्षं न सांगता गैरहजर राहिलो, म्हणून हा अर्ज उशिराने करतो. कारण म्हणून आधी 'पोटदुखी' लिहिलं होतं, ते खोडलं. बावीस वर्षं दुखलं असतं तर अर्ज करायला उरलो नसतो.

खरं कारण असं, की वर्गातून रस्ता दिसायचा आणि मला बसवत नव्हतं. बाहेर पडल्यावर कळलं, बाहेरही बसवत नाही. खानावळीत भांडी घासली, ट्रकवर क्लीनर झालो, रंगाऱ्याबरोबर दोराला लटकलो, शेवटी क्रेनवर चढलो. आता रोज दहा तास एकाच खुर्चीत बसतो. हे वाचून आपल्याला हसू आलं तर येऊ द्यावं.

आपण शिकवलेलं व्यस्त प्रमाण तेवढं कामाला आलं. क्रेनचा हात जितका लांब, तितकं वजन कमी घ्यायचं. विसरलं की क्रेन कलंडते. मी अजून विसरलो नाही.

फलकासाठी आपली सही मागितली होती, ती मागणी मागे घेतो. नाव पितळेवर नको. हजेरीपटात आहे तिथेच राहू द्यावं.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी (अर्जात असं लिहावं लागतं).

पालकांची सही : ...............

---

२६ सप्टेंबर

हजेरी क्रमांक ४१ यास,
अनेक आशीर्वाद.

अर्ज मिळाला. पालकांच्या सहीची जागा मोकळी होती, ती पालक म्हणून मी भरली. मग वर्गशिक्षक म्हणून खाली 'मंजूर' लिहिलं. एकाच पेनने दोन्ही केलं म्हणून मुख्याध्यापकांना हसू आलं. त्यांचा विषय भूगोल आहे.

तू गेलास याचा राग नव्हता. चाळीसातले तीन-चार दरवर्षी जातातच, फक्त बाकावर बसून जातात. राग होता तो अर्ज न देता गेल्याचा. ज्याचं कारण कळलेलं नाही, त्याचं नाव मी कमी करत नाही. आता कारण कळलं.

व्यस्त प्रमाणाचं उदाहरण बरोबर आहे. काल वर्गाला घातलं. चाळीसपैकी सदतीस जणांनी क्रेन पाडली.

दाखल्यावर सही करीन. नाव पितळेवरही जाईल, कोरणाऱ्याला दहा तारखेपर्यंत थांबवलं आहे. पण एक दिवस तरी हजर झाल्याशिवाय मी कोणाला दाखला देत नाही. सहा तारखेला, सोमवारी, सकाळी साडेसातला ये. चाळीसनंतर पुकारीन, तेव्हा उभं राहून मोठ्याने 'हजर' म्हण. मुलांना आधी सांगितलेलं नाही. दचकतील, दचकू देत.

बाक तुला लहान पडेल, खुर्ची मिळणार नाही.

मायेचं कुठे लिहून ठेवायची मला सवय नाही, तरी समजून घे.

बाबा

ता. क. : मंगळवारीही वर्ग असतो.