बानाबाईचं सोंग

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर
११ जानेवारी २०२६

चि. अजिनाथ,
आक्काचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडं बरा असशील असं धरून चालते. यंदा इथं थंडी चांगली पडलीय. गावाकडं करमाडला हुरडा सुरू झाला. तुझ्या दाजींनी परवा पिशवीभर आणला आणि तुझ्या भाचीनं, योगिनीनं, त्यातला अर्धा कॉलेजात नेऊन वाटून टाकला. दाजींची वाळूजची पहिली पाळी चालू आहे, त्यामुळं घरात सगळ्यांची झोपमोड. आज रविवार, आणि नळाला पाणी यायचाही आजच दिवस. टाकी भरेपर्यंत लिहीत बसते.

तुझा पत्ता तू योगिनीला पाठवलेल्या कोटाच्या खोक्यावर सापडला. मेसेज तू बघतोस, ते मला दिसतं, पण उत्तर येत नाही. फोन लागला तरी काय होतं ते मला माहीत आहे. तू पहिल्या वाक्यालाच मला हसवतोस आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

शाळेत गॅदरिंगची तयारी सुरू आहे. माझ्या वर्गातली पोरं नाटुकलं बसवतायत. त्यात एक जण गुरुजी होतो आणि पोट पुढं काढून चालतो. ते बघून मला तू आठवलास. आठवीत तू हेडमास्तरांची नक्कल केली होतीस. घरी आल्यावर दादा आपल्याच पोराला म्हणाले, "मल्हाररावाचं पोरगं बहुरूपी झालं म्हनं." तू कोपऱ्यात जाऊन बसलास. दादा मेंढरांकडं गेल्यावर आई तुझ्यापुढं येऊन बसली आणि म्हणाली, "कर बरं पुन्यांदा. मी कुठं बघितलं?"

नंतर तू शिकलास, वाळूजला कंपनीत लागलास, तिथल्या कॅन्टीनमधे साहेबांच्या नकला करायला लागलास. मग पुढच्या शिक्षणाला कॅनडात गेलास तेव्हा गावानं तुझा नारळ देऊन सत्कार केला. दोन वर्षांनी तुझा फोन आला, की तू दिवसा गोदामात खोकी उचलतोस आणि संध्याकाळी एका हॉटेलाच्या तळघरात लोकांना हसवतोस. मला वाटलं तू दारू पिऊन बोलतोयस. तू म्हणालास, "आक्का, पिऊन नाय. चौघं जण मिळून छोटी छोटी प्रहसनं करतो. इथं ह्याला लई मान आहे." पहिल्या खेळाला प्रेक्षक तुमच्यापेक्षा कमी होते, असंही तूच सांगितलंस.

मग तू बानाबाई उभी केलीस आणि सगळं बदललं.

आईचं नाव, आईचं लुगडं, आईची काठी. ते प्रहसन मी इतक्यांदा बघितलंय की सगळं पाठ आहे. नाताळाच्या आधी मोठ्या दुकानात गर्दी उसळलीय, गोरी माणसं एकमेकांना ढकलतायत, मॅनेजर हात जोडतोय. तेवढ्यात दारातून बानाबाई येते. काठी उचलते, "हीर्रर्र... हो!" करते, आणि सगळी गर्दी मेंढरांसारखी वळून एका बाजूला उभी राहते. मग ती मॅनेजरला झापते. "अरं मुडद्या, येवढी मानसं उपाशीतापाशी उभी केली, तुला काय जनाची हाय का नाय?" सगळं मराठीत. एक शब्द इंग्रजी नाही. आणि तिथले लोक खुर्चीतून पडेपर्यंत हसतात. त्यावरनं तुम्हाला टीव्हीनं बोलावलं. तू कॅनडाचा नागरिक झालास, रस्त्यात लोक तुला काठी फिरवून दाखवायला लागले.

टीव्हीवरचं पहिलं वर्ष झाल्यावर तू आईला तिकडं नेलंस. थेटरात पुढच्या रांगेत बसवलंस. मी तुला तेव्हा विचारलं होतं, काय म्हणाली? तू म्हणालास, "काहीच नाय म्हणली, आक्का. गाडीत खिडकीबाहेर बघत बसली." परत आल्यावर तिनं आम्हाला बर्फाचं सांगितलं, तुझ्या घरातल्या गरम पाण्याच्या नळाचं सांगितलं, थेटराचं मात्र सांगितलं नाही.

पुढं त्या प्रहसनाची चित्रफीत करमाडला आली. पोरं आईच्या मागं "हीर्रर्र" करत फिरायला लागली. काकासाहेब मामाला ते लागलं. बहिणीचं सोंग करून भाचा सायबाला हसवतो, म्हणून त्यानं तुला फोनवर नको नको ते सुनावलं. तिकडंही आपल्याच काही लोकांनी लिहिलं की तू गावाकडच्या बाईची टिंगल करतोस. मग तू मुलाखतीत सांगून टाकलंस की हे लुगडं मी पुन्हा नेसणार नाही. मामा खूश झाला. मलाही वाटलं, चला, मिटलं. आई तेव्हा अंगणात तूर निवडत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर तुला मालिका मिळाली. बर्फातल्या गावातला औषधाचा दुकानदार. आम्ही सगळे भाग बघितले. पहिल्या वर्षी तू त्यात बोलायचास, भांडायचास, एकदा नाचलासही. पुढं पुढं नुसता औषधाची पुडी देऊन गल्ला लावायचास. योगिनी म्हणायची, "मामा हसतच नाही यात." मी म्हणायचे, अगं, ती भूमिकाच तशी असेल.

टाकी भरली. मोटार बंद करून आले.

आईला गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी लकवा झाला, ते तुला माहीत आहे. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. पण आमच्याकडं आणल्यानंतरचं मी तुला सगळं सांगितलेलं नाही. सुरुवातीला ती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. व्यायाम घ्यायला मोनाली नावाची मुलगी यायची, तिला हात लावू द्यायची नाही. एका टेकाडावरनं दुसऱ्या टेकाडावर हाक घालणारी बाई, आणि तोंडातनं नुसता घरघर आवाज. तिला स्वतःलाच त्याची लाज वाटायची. म्हणून ती आवाजच करीना.

उन्हाळ्यात एके दिवशी योगिनीनं टीव्हीवर तुझं जुनं प्रहसन लावलं. तिच्या मैत्रिणीला दाखवायचं होतं. मी आतून ओरडले, "बंद कर गं, आजीला दिसंल!" बाहेर येऊन बघते तर आईनं भिंतीकडचं तोंड इकडं वळवलेलं. काठी आपटत तू दुकानात चाललेलास आणि ती टक लावून बघतेय. अर्धं तोंड हसत होतं, अज्या. अर्धंच, पण हसत होतं. संपल्यावर तिनं बोटानं खूण केली, पुन्हा लाव. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ती डावा हात हलवायला लागली. चिडल्यासारखी. आम्हाला कळेना. मग ती बोलली. आजारपणातला पहिला शब्द.

"डावा."

"काय डावा, आई? डावीकडं दुखतंय का?"

"डावा! डावा!" आणि टीव्हीकडं बोट.

तू काठी उजव्या हातात धरतोस. आई डावखुरी. सारा जन्म तिनं काठी डाव्या हातात धरली. एवढी वर्षं तिच्या मनात हे होतं आणि आम्ही समजत होतो तिला अपमान सलतोय.

त्या दिवसापासून ती मोनालीला हात लावू द्यायला लागली. रोज दुपारी तुझं प्रहसन बघायची. तिथं ती चालत होती ना. तुझ्या रूपात का होईना, कंबरेवर हात ठेवून, तशीच झपझप. हळूहळू शब्द आले. तुटक, पण आले. श्रावणात एका दुपारी तिचे केस विंचरताना मी धीर करून विचारलं, "आई, तिकडं थेटरात तुला वाईट वाटलं व्हतं का? खरं सांग."

तिला शब्द जुळवायला वेळ लागायचा. मी कंगवा तसाच धरून बसले.

"वाईट कशाचं?" ती म्हणाली. मग थांबून, "येवढी मानसं. गप बसून... मी काय म्हंते, ऐकत व्हती."

"तू कुठं? अज्या बोलत व्हता."

"मीच की."

"पण हसत व्हती ना ती तुला?"

"हसंनात का. हितं कोन ऐकितं?" जरा दम खाऊन म्हणाली, "तुझा बाप बी नाय. मेंढरंच ऐकायची."

मी म्हटलं, मग काकासाहेब मामाला तेव्हाच का नाही सांगितलं? ती म्हणाली, "मला कोनी इचारलं?"

मी लगेच तुला फोन लावायला उठले. तिनं डाव्या हातानं माझा पदर धरला. "नगं. मी सांगन. त्याला म्होरं बसवून सांगन." मला तिनं शपथ घातली. तू दर फोनला विचारायचास, "आक्का, आई अजून रागावलीय का?" आणि मी म्हणायचे, "तूच ये आणि तिला विचार." तुला वाटलं असेल मी टोमणा मारतेय. तसं नव्हतं रे.

तू दिवाळीला येतो म्हणालास. मग रोज सकाळी चहा झाला की ती तयारी करायची. "अज्या, बस हितं." एवढं तिला अगदी स्वच्छ जमायला लागलं होतं. पुढचं अडखळायचं, ते ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. दिवाळीच्या तोंडावर तुझा फोन आला की शूटिंग वाढलं, नाताळात येतो. मी तिला कसं सांगायचं म्हणून दारातच घुटमळले. तिनं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. म्हणाली, "काम हाय म्हंजी बरंच हाय. बसून मानूस खंगतं." तरी दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिनं तयारी केलीच.

नोव्हेंबरात ती गेली. मी शाळेत होते. मोनाली तिचा हात हलवत होती, आई मधेच थांब म्हणाली, आणि झालं. अंत्यविधी तू मोबाईलवर बघितलास. दाजींनी फोन धरला होता. तू काळ्या कोटात उभा होतास आणि मधेच चित्र बंद झालं. सगळे म्हणाले नेटवर्क गेलं.

आता ज्याच्यासाठी बसले ते लिहिते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले.

तेराव्यानंतर योगिनीनं मला मोबाईलवर बातमी दाखवली. तुमची मालिका जूनमधेच बंद पडली. दिवाळीत कसलंही शूटिंग नव्हतं. तू घरी होतास.

मला लई राग आला, अज्या. इतका, की तुझा फोटो भिंतीवरनं काढून कपाटात उलटा ठेवला. जेवलास का, थंडी किती आहे, असले जे मेसेज तुला पाठवत होते ते सगळे रागातच पाठवले. एकदा तरी तू खरं सांगशील म्हणून. मग एक दिवस मी तुझे शेवटचे भाग पुन्हा बघितले. तू पुडी देतोस, गल्ला लावतोस, आणि तोंडावर काहीच नाही. मला वाटायचं ती भूमिका आहे. त्या दिवशी वाटलं, हा माझा भाऊच आहे, आणि ह्याला कुणीतरी घरी न्यायला पाहिजे होतं. आईला तोंड दाखवायची भीती होती, त्यात काम गेल्याची लाज. ह्या दोन्हीत तू तिकडं घरात कोंडून बसलास. सांगितलं असतंस तर आईनं तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि जवळ बसवून घेतलं असतं. एवढंच झालं असतं.

हे वाचून तुला फार लागणार, ते मला कळतं. पण तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. ती तुझी वाट बघत गेली. आणि तिच्या मनात तुझ्याविषयी काडीचा राग नव्हता. हे दोन्ही तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

आम्ही तिचा आवाज शोधला. माझ्या लग्नाच्या चित्रफितीवर सगळीकडं बँडची गाणी आहेत. मोबाईलमधे जे आहे ते आजारपणातलं, तुटकं. तिची खरी, खणखणीत हाक कुठंच नाही. मागच्या आठवड्यात मी भाकरी थापत होते. बाहेरून हाक आली आणि मी म्हणाले, "आले गं आई!" हात धुवायला उठलेसुद्धा. योगिनीनं तुझं प्रहसन लावलं होतं. ती दारात आली, आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो आणि तव्यावरची भाकरी जळून गेली.

म्हणून हे पत्र मिळालं की फोन कर. काम कसं गेलं, पुढं काय, ते सांगायचं तर सांग, नसेल सांगायचं तर राहू दे. कधी येतोस हेसुद्धा मी विचारणार नाही. फक्त मी फोन उचलल्यावर आधी तिच्या आवाजात मला एकदा हाक मार. ती टेकाडावरनं "अंबेऽऽ" म्हणायची, तशी. मला हसवायचं नाही. नुसती हाक मार.

मी ओ देईन.

तुझीच,
आक्का