नदी उजव्या हाताला

धर्मशाळा, पलीकडचा काठ
ता. ३ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

सात महिने चालून काल तुझ्या अगदी समोर येऊन पोचलो. मधे फक्त नदी. आपल्या गावची पाण्याची टाकी इथून स्वच्छ दिसते. नाव वीस मिनिटांत पलीकडे नेते. पण नदी उजव्या हाताला ठेवून पूर्ण फेरी होईपर्यंत ती ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. ओलांडली की सगळी चाल फुकट. म्हणजे घरी यायला अजून सहा महिने.

पाय पार कामातून गेलेत. टाचेच्या भेगांत मेण भरतो. बत्तीस वर्षं कंडक्टर म्हणून लोकांना 'पुढे चला' म्हणून ओरडलो, त्याचं उट्टं निघतंय. पण आई पुन्हा चालू लागावी म्हणून निघालोय, तर मी थांबून कसं चालेल? रविवारी सकाळी दहाला तिला व्हीलचेअरवरून घाटावर आण. मी इकडून पिवळा पंचा हलवीन.

रागासकट माया असू दे.
तुझा धाकटा

घर
ता. १० जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पंचा दिसला. आईला घाटापर्यंत नेताना शेजारच्या कंपाउंडरांच्या आणि माझ्या नाकी नऊ आले. तिला म्हटलं, तो बघ धाकटा. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि कोणी पुण्यवान माणूस दिसतो म्हणून हात जोडले. मला आधी हसू आलं, मग रडू.

आता स्पष्ट लिहिते. आई चालणार नाही. डॉक्टरांनी हे तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तू मान हलवलीस आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन आलास. इथे तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, भरवायचं, चादरी धुवायच्या. शिलाई मशीनवर धूळ साचलीय आणि माझ्या कंबरेने राम म्हटलाय. लोक विचारतात, भाऊ कुठवर पोचला? एक आईसाठी चालणार आणि एक आईला उचलणार, ही वाटणी मला झेपत नाही रे. पुण्य सगळं तुझं. मला फक्त बसायचंय.

नाव रोज सकाळी आठला सुटते. येणार नसलास तर निदान पुन्हा घाटावर बोलावू नकोस.

भांडले तरी तुझीच,
ताई

वाटेवरून
ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

नावेतून उतरलास तेव्हा चोरी केल्यासारखी मान खाली होती तुझी. शाबासकी द्यायची राहिली, ती आज घे. बसायचंय म्हणणारी बाई तुला पंधरा दिवस सगळं शिकवून नदीकाठाने चालायलाच निघाली, म्हणून कंपाउंडर हसत असतील. हसू देत. मी नवस केलेला नाही, त्यामुळे मला कुठूनही परत फिरता येतं. महिन्याभरात येते.

पहिले तीन दिवस दर दोन तासांनी दचकून थांबायचे. काल दुपारी झाडाखाली जरा पडले, ती थेट उन्हं कलल्यावर उठले. बरोबरच्या परिक्रमेतल्या बायका मला न उठवता माझी पिशवी राखत बसल्या होत्या. पाय सुजलेत, पण दिवसाला दहा मैल म्हणजे काही काम नव्हे!

आईच्या पाठीला पावडर विसरू नकोस. पाणी चमच्याने, मान उचलून.

तिला आणि स्वतःलाही जप.
ताई

घर
ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पावडर लावतो. पाणी चमच्याने देतो. परिक्रमा मोडली म्हणून हळहळायला लोक येतात, त्यांना चादरी पिळायला लावतो. दुसऱ्यांदा कोणी येत नाही.

सात महिन्यांत दमलो नव्हतो इतका या बारा दिवसांत दमलोय. चालताना वाटायचं, आईसाठी किती हाल काढतोय मी! ताई, ते सोपं होतं. तिथे गावोगाव लोक माझ्या पायांवर पाणी घालायला उभे असत. तुझ्यासाठी इथे कोणी उभं राहिलं नाही, मीसुद्धा नाही. चुकलो.

काल आईला कुशीवर वळवलं, तर तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. दाढी हाताला लागली तरी तुला हाक मारते तसं मला ठके म्हणाली. म्हणाली, की किती दमलीस गं, सगळं तुझ्यावरच पडलं. हे तुझं होतं, चुकून माझ्याकडे आलं, म्हणून लगेच लिहून पाठवतोय.

महिना म्हणालीस, दोन लाव. लोभ तिकडूनही पोचतो.

तुझा धाकटा