विलंबाचे कारण

मी, सौ. राधाबाई गुरुदास मयेकर, वय वर्षे ६९, राहणार तारकर्ली, तालुका मालवण, धंदा पर्यटकांना खोल्या देणे, आज शुद्धीवर असताना आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवते. रक्तदाब आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

दोन वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागाच्या भरात केले होते. त्यात माझे पती गुरुदास, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, यांच्या वाट्याला फक्त एक छत्री ठेवली होती.

त्याचे असे झाले. खोल्या माझ्या वडिलांनी दिलेल्या जागेत आहेत, म्हणून धंदा आणि बँकखाते माझ्या नावावर. दरवर्षी जुलैअखेर अप्पा माझे कागद पिशवीत घालून इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायला कणकवलीला जात आणि संध्याकाळी गोड खाज्याची पुडी घेऊन परत येत. मी विचारी, "झाला काय?" ते म्हणत, "झाला." अशी पाच वर्षे गेली. मग माझ्या नावे नोटीस आली. एकही रिटर्न भरलेले नव्हते.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षांत तिकिटांच्या हिशेबात चूक नाही. ते मान खाली घालून म्हणाले, "पयल्या वर्षी त्या माणसान पासवर्ड इचारल्यान. माका कायएक कळाक नाय. पाठी ही रांग! मी भायर इलंय आणि स्टेशनार जावन बसलंय. मगे तुका सांगूक लाज वाटली." पुढची चार वर्षे ते थेट स्टेशनवरच जाऊन बसत होते.

त्याच आठवड्यात मी ते छत्रीचे मृत्युपत्र केले आणि जवळच्या कट्टा गावी अक्षयाकडे गेले. अक्षया माझ्या मावसबहिणीची नात. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे तिचे दुकान आहे. तिच्याकडे बसून मी शिकले. ज्या वर्षांची मुदत उरली होती, ती रिटर्ने दंडासह स्वतः भरली. एका जुन्या वर्षाचा कापलेला कर परत मिळायचा होता, त्यासाठी उशीर माफ करण्याचा अर्ज करावा लागला. त्यात एक रकाना होता: विलंबाचे कारण.

अक्षया म्हणाली, "आजये, आजारपण लिवया. सगळे तसाच लिवतत." मी हो म्हटले. माझ्यासोबत आलेले अप्पा मागच्या बाकावरून उठले.

"तिका काय झाला नव्हता. खरा काय ता लिव. घोवाक लाज वाटली, असा लिव."

दुकानात सात-आठ माणसे होती. अक्षयाला ऐकू गेले नसावे असे वाटून, नवऱ्याला लाज वाटली हे अप्पांनी आणखी एकदा, मोठ्याने सांगितले.

अर्ज फेटाळला गेला. कारण समाधानकारक नाही, असे कळवण्यात आले. खात्याला पटले नाही, मला पटले.

सबब, घर व तिन्ही खोल्या अप्पांना तहहयात, त्यांच्या पश्चात मुलगा समर्थ याला. समर्थने त्या दिवसांत पुण्याहून फोनवर पुष्कळ सल्ले दिले. ते न वापरता शिल्लक आहेत, तेही त्यालाच.

लॅपटॉप आणि माझी सोन्याची पाटली अक्षयाला. पाटली आधी द्यावी, लॅपटॉप जुना आहे.

जाऊबाई रश्मी यांना नोटिशीची लॅमिनेट केलेली प्रत. तीत काय आहे हे त्यांनी न वाचताच गावभर सांगितले होते. आता सवडीने वाचावे.

मेलेल्या माणसाचेही शेवटचे रिटर्न वारसाला भरावे लागते, असे अक्षया सांगते. माझे ते अप्पांनीच भरावे. अक्षयाने शेजारी बसावे, सांगावे, पण माउसला हात लावू नये. त्यांना वेळ लागेल. लागू द्यावा.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करते.

सही: राधाबाई गुरुदास मयेकर
साक्षीदार: १. महादू तारी २. चंदन केळुसकर
ठिकाण: मालवण. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५