गजूचं नाव नसलेला अल्बम

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्धवर्तुळ बँडचा अल्बम आला. पाच वर्षांनी. नाव 'गाळपेर'. पाच गाणी, एकावन्न मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले. दार लोटलं, हेडफोन लावले.

पहिलं गाणं: ड्रम्स इतके दाबलेत की टिनाच्या डब्यावर चमचा मारल्यासारखे. दुसरं: अद्वैतचा गिटार सोलो, नेहमीसारखा दोन मिनिटं जास्त. तिसरं, 'पाणी उतरताना', एकोणीस मिनिटं. अकराव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा बेस उरतो. सात मात्रा, सात, सात, मग नऊ.

हा तुकडा गजूचा आहे. माझ्या धाकट्या भावाचा. मेडशीला माहेरच्या गच्चीवर बसून त्यानं तो बांधला, तेव्हा मी शेजारी वाटाणे सोलत होते. दहा वेळा चुकला, अकराव्यांदा जमला तर मला म्हणाला, "ताई, आता मोज."

वाजवणारा दुसराच आहे. गजू नवव्या मात्रेवर तार जराशी ओढून सोडायचा. हा ओढत नाही. नुसता वाजवतो.

पुढची दोन गाणी ऐकलीच नाहीत. साहेबांनी विचारलं, मॅडम, तब्येत बरी नाही का? म्हटलं, बरी आहे. दुपारभर दोन अर्ज चुकीच्या फायलीत लावले.

१५ नोव्हें., शनि.

नावांची यादी वाचली. संगीत: अर्धवर्तुळ. शब्द: अद्वैत. बेस: कोणीतरी नवा. आभारात स्टुडिओचा चहावालासुद्धा आहे. गजानन नाही. सहा वर्षं या बँडचा बेस वाजवला त्यानं, पहिल्या दोन अल्बमवर त्याचा फोटो आहे. इथे मात्र कुठेच नाही.

आणि 'गाळपेर' हा शब्द कुठून आला? तलावाचं पाणी उतरल्यावर जो गाळ उघडा पडतो, त्यात पेरतात ती गाळपेर. अद्वैत पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढला. त्याला कुंडीतली तुळस सांभाळता येत नाही. शब्दही गजूचाच उचलला.

संतोषला सांगितलं. नवऱ्याचं म्हणणं, "गानं हाय वं ते. चार दिवसानं लोक भुलतीन." असं म्हणून पेपर वाचायला लागला. त्या पेपरला काडी लावावीशी वाटली.

१६, रवि.

गजूला फोन केला. मागे मोटरीचा आवाज.

"आयकलं का?"

"काय?"

"नाटक नको करू. अल्बम."

"ताई, मेथीच्या जुड्या बांधून राह्यलो. गाडी येते आता. मंग बोलू."

मंग नाही आला फोन.

१८, मंगळ.

इंटरनेटवर परीक्षणं. "प्रगल्भ." "संयत." संयत म्हणजे काय? ड्रमरला झोप आली होती म्हणा ना. चौथं गाणं, ज्यावर सगळे फिदा आहेत, त्यात कीबोर्डवाला दोनच सूर दाबून बसलाय आणि लोक म्हणतात, वातावरण निर्माण केलंय. पाचव्याचा शेवट तर असा की कोणीतरी वीजबिल भरलं नाही.

पण तिसरं गाणं. खरं लिहायचं तर खरंच लिहिते, ही वही माझीच आहे. तिसरं गाणं अप्रतिम आहे. त्यांनी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं. बेसनंतर सगळे एकेक करून परत येतात, आधी नुसती झांज, मग गिटार, आणि सात मात्रांवर अद्वैत चार मात्रांत गायला लागतो, तेव्हा मी मोजणंच विसरते. आठ वेळा ऐकलं. बसस्टँडवर उभ्याउभ्या डोळ्यांत पाणी आलं.

हाच तर संताप आहे. भिकार असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

२१, शुक्र.

लिहिलं. त्यांच्याच पानावर, सगळ्यांना दिसेल असं: "अकराव्या मिनिटाचा बेसचा तुकडा गजाननचा आहे. तो रचला गेला तेव्हा मी हजर होते. नाव का नाही, ते अद्वैतने सांगावं."

संध्याकाळपर्यंत लोक तुटून पडले. अर्धे अद्वैतवर, अर्धे माझ्यावर. एकानं विचारलं, तू कोण? लिहिलं, त्याची बहीण. दुसऱ्यानं लिहिलं, बहिणींना असंच वाटतं.

तरी बरं वाटलं.

२३, रवि.

सकाळी दारात गजू. मेडशीहून वाशिम, तिथून दुसरी बस धरून आला होता. हातात पिशवी, आईनं दिलेली वांगी आणि सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. पिशवी ओट्यावर ठेवली, पाणीही न पिता म्हणाला,

"काढ ते."

"काय काढू?"

"जे लिवलं ते. अद्वैतनं दोनदा फोन केला मले. रडून राह्यला तो."

"रडू दे. चोर आहे तो."

"चोर कायले? मीच देल्ला त्याले तो तुकडा. मागच्या पावसाळ्यात साध्या गिटारवर वाजवून धाडला. गाळपेर हा शब्दही मीच देल्ला. अन नाव टाकू नको म्हनून मीच सांगतलं."

मी खुर्चीत बसले. "काहून?"

"नाव आलं की लोक इचारतात, आता काय करते हा. परत कदी येते. मंग मले नाही म्हना लागते. एकदा नाही म्हटलं होतं ताई, तेच लय झालं. पुन्यांदा कायले म्हनू?"

मी म्हटलं, तुला राग कसा येत नाही? बँड सोडून गावी आलास, चार वर्षांत एकदाही? म्हणाला, "कोनावर करू? बाबाच्या लकव्यावर?"

त्याच्यासमोर फोन काढला आणि लिहिलेलं पुसून टाकलं. संतोष चहा घेऊन आला, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि कप ठेवून निघून गेला. जाताना गजूनं सांगितलं, नागपूरला त्यांचा कार्यक्रम आहे, अद्वैत म्हणतो ये आणि तेवढा तुकडा तूच वाजव. हा नाही म्हणालाय.

"पुन्यांदा म्हना लागलंच ना," असं म्हणून हसला. ते हसणं पाहवलं नाही.

२४, सोम.

अद्वैत चोर नाही. मग मी एवढी पेटले कशावर?

लिहून टाकते. कोणालाच सांगितलेलं नाही, संतोषलाही नाही.

चार वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय, बोलणं गेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, धोका टळला, आता फक्त व्यायाम आणि माणूस पाहिजे. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी गजूला पुण्याला फोन केला. म्हटलं, "लवकर ये, बाबा राहत नाहीत."

धोका टळला हे नाही सांगितलं. माणूस पाहिजे म्हणजे एक तर मी, नाहीतर तो. माझी नोकरी पक्की. माझी पोरगी शाळेत नुकती टाकलेली. सासूबाई. आणि त्याचं काय, बँडच तर आहे. बँड म्हणजे काही नोकरी नाही.

हे मी म्हटलं मनात. मी! अमरावतीच्या होस्टेलमधून पेनड्राइव्ह भरून वीस-वीस मिनिटांची विलायती गाणी त्याच्यासाठी कोणी आणली? दहावीतल्या पोराला सात मात्रा मोजायला कोणी शिकवलं? त्याला चटक मीच लावली, आणि वेळ आली तेव्हा मीच म्हटलं की हे काही काम नाही.

दोन महिन्यांसाठी आला होता. बँडनं आठ महिने वाट पाहिली. मग दुसरा घेतला.

२८, शुक्र.

अल्बम लावला नाही. डोक्यात तोच वाजतो. भाकरी थापताना सात, सात, सात. संतोषनं विचारलं, कोणावर रागावली? म्हटलं, तुझ्यावर. तो म्हणाला, बरं.

३० नोव्हें., रवि.

मेडशी. गजू वांगी तोडत होता. बाबा अंगणात उन्हात खाटेवर, आई आत. मी वाफ्यात गेले आणि सांगून टाकलं. उभ्यानंच. जिना, डॉक्टर, फोन, सगळं.

तो दोन-तीन वांगी तोडत राहिला. मग थांबला.

"काय म्हनाले होते डॉक्टर? पुरं सांग."

"धोका टळला म्हणाले."

"मी फोन उचलला त्याच्या आंदी?"

"हो."

"म्हंजे मी रातभर त्या गाडीत... बाबा मेले असतीन समजून मी... अन तुले मालूम होतं."

म्हटलं, होतं.

त्यानं टोपली उचलली आणि माझ्या पायाशी उपडी केली. "घे! तोड तू! चार वर्सं तोड!" असा ओरडला की आई दारात आली. "मी अद्वैतले नाही म्हटलं, त्या दुसऱ्या पोराले माहा बेस इकला, बाबाले रोज आंघोय घातली, मले कदी जड नाही गेलं. काहून? मले वाटे, मी नसतो आलो तं बाबा गेले असते. तेवढंच होतं माह्यापाशी. तेही घेतलं तू."

"गजू..."

"जाय तू. आता जाय. माह्यासमोर नको उभी राहू."

आईनं मला विचारलं, काय झालं? बाबा खाटेवरून डोकं वळवून बघत होते. मी वांगी गोळा करून टोपलीत भरली आणि दुपारची बस धरली. खिडकीची जागा मिळाली. वाशिमपर्यंत रडले, पुढे तेही नाही.

इतके दिवस चिडत होते की त्याला राग येत नाही.

७ डिसें., रवि.

फोन केला. कट. परत केला. कट. आईला केला. म्हणाली, "तो बोलतच नाही कोनाशी. काय सांगतलं तू त्याले?" आईला काय सांगू? तिलाही तेच सांगावं लागेल एक दिवस.

कोणीतरी नवीन परीक्षण लिहिलंय, अल्बमला "या वर्षाचं सर्वांत शांत काम" म्हटलंय. वाचून हसू आलं. वाईट हसू.

१६, मंगळ.

सकाळी सातला आईचा फोन. गजू पहिल्या बसनं गेला. काल मेथी, सांबार सगळं तोडून दिलं, बाबांना आंघोळ घातली. आज "येतो" म्हणाला आणि गेला. कुठे, कधी येणार, काही नाही. फोन बंद.

अद्वैतला फोन केला, चार वर्षांत पहिल्यांदा. त्याला काही माहीत नाही. खोटं बोलतोय का ते कळलं नाही. म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्यावर रागावल्या होत्या ते..." मी म्हटलं, गाणं चांगलं आहे, ड्रम्स वाईट आहेत, आणि फोन ठेवला.

साहेबांसमोर रजेचा अर्ज ठेवला. शुक्रवारपर्यंत.

१८, गुरु., मेडशी

कंबर मोडली. मेथीच्या जुड्या माझ्या सैल होतात, गाडीवाला म्हणाला, "गजूभाऊच्या अशा नसतेत." त्याला म्हटलं, मग गजूभाऊला विचार.

बाबांना आंघोळ घालायला मी आणि आई दोघी लागतो. तो एकटा घालायचा. डाव्या हातानं बाबांनी माझं मनगट धरलं, बराच वेळ प्रयत्न केला, मग शब्द निघाले.

"गजू... वाजवाले... गेला?"

आई म्हणाली, "कायचं वाजवाले जाते. अकोल्याले गेला असन कामानं."

बाबा माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "मले नाही सांगतलं बाबा."

जेवताना आईनं विचारलं, "तुही रजा शुक्रवारलोक. मंग सोमवारी मेथी कोन तोडन?"

मी ताटातलं बघत राहिले. तिनं परत विचारलं नाही. मी उठून उद्याच्या जुड्यांसाठी सुतळी कापत बसले.