गार फरशी

जयनगर, बंगलोर. १४ डिसेंबर १९६१

आई गेल्यावर अण्णांना बेळगावहून इथं आणलं, त्याला महिना झाला. त्यांच्यासाठी नवी गादी भरून घेतली, तरी ते गार फरशीवर घोंगडी अंथरूनच झोपतात. आज रागावून विचारलंच, "गादीत काय खुपतं तुम्हाला?"

ते म्हणाले, "इस्पितळात खाट मिळाली नाही रे. तुझी आई शेवटच्या आठ रात्री फरशीवरच होती. गादीवर माझा डोळा लागत नाही."

हे मला कुणी कळवलंच नव्हतं. की मीच कधी विचारलं नाही?

गादी गुंडाळली आणि त्यांच्याशेजारी माझी सतरंजी टाकली. अण्णांनी उठून खिडकी तेवढी लावली. म्हणाले, "लहानपणापासून तुला थंडी सोसत नाही."